वाळवणयंत्राचा झगा

यंत्र टेम्पोतून खाली उतरलं तेव्हा मुकादमांनी सगळ्यांत आधी काय केलं असेल, तर पायांतल्या चपला काढल्या. भर रस्त्यात. ऊन मी म्हणत होतं, डांबर मऊ झालं होतं, आणि हा गृहस्थ अनवाणी उभा राहून त्या स्टीलच्या धिप्पाड कपाटाकडे आ वासून बघत होता. "चपला का रे काढल्यास?" असं आक्कांनी, म्हणजे त्यांच्या थोरल्या बहिणीनं, गॅलरीतून विचारलं. "उगीच," असं म्हणून मुकादमांनी त्या पुन्हा घातल्या.

मुकादम म्हणजे काही खरेखुरे मुकादम नव्हेत. पाणीपुरवठा खात्यात जन्मभर टेबलाशी बसून निवृत्त झालेला माणूस. पण गल्लीत कुठे खड्डा खणला जावो, भिंत रंगवली जावो नाहीतर कुणाचा नळ गळो, हे कमरेवर हात ठेवून तिथे हजर. स्वतः कधी फावड्याला हात लावला नाही, पण फावडं कसं धरावं हे साऱ्या गल्लीला शिकवलं. उंटावरून शेळ्या हाकणारे पुष्कळ असतात. यांच्याकडे उंटही नव्हता. लोकांनी नाव ठेवलं मुकादम, आणि यांना ते आवडलं, यातच काय ते समजा.

तर यंत्र होतं टोमॅटो वाळवायचं. आणि ते मुकादमांसाठी नव्हतं, त्यांच्या बायकोसाठी होतं. ही गोष्ट गल्लीत कुणाच्या ध्यानात राहत नसे. मुकादमांच्याही नसे.

बायकोला गल्ली काकू म्हणते, आपणही काकूच म्हणू. काकू कैक वर्षं गच्चीवर चादर अंथरून टोमॅटोच्या चकत्या वाळवायच्या आणि डब्यांत भरून दुकानांना द्यायच्या. चव अशी की एकदा खाल्लेला माणूस पुन्हा विचारत यायचा. पण गच्ची म्हणजे गच्ची. खाली रस्ता, वर कबुतरं, मध्ये धूळ. एकदा एका दुकानदारानं डबा परत पाठवला, त्यात चकतीला चिकटलेलं एक पीस होतं. त्या दिवसापासून त्या दुकानाच्या रस्त्यानं काकूंनी जाणंच सोडलं, भाजीला जायचं झालं तरी वळसा घालून जायच्या. माल चांगला असून मान खाली घालावी लागते, हे त्यांच्या जिवाला फार लागलं होतं.

मग कुणीतरी सांगितलं की छोट्या प्रक्रिया उद्योगांसाठी एक प्रशिक्षण केंद्र निघालंय. काकू तिथे शिकायला जाऊ लागल्या. पहिल्या दिवशी परत आल्या त्या घरात पाऊल टाकल्यापासून बोलतच होत्या. ओल्या चकत्या आत जातात, गरम वारा फिरतो, आणि दुपारपर्यंत काचेसारख्या लालभडक चकत्या बाहेर येतात; ना माशी, ना धूळ, ना ढग आला म्हणून धावपळ. आक्का आमटीत मीठ घालायचं विसरल्या, इतकं ते ऐकण्यात मन गुंतलं. आणि जेवता जेवता काकू म्हणाल्या, "मला ते यंत्र हवंय."

घास सगळ्यांच्या हातातच राहिला. संसार सुरू झाल्यापासून काकूंनी अमुक एक मला हवं असं म्हटलेलं त्या घरात कुणाला आठवत नव्हतं. घरात काय लागतं ते त्या सांगायच्या. स्वतःला काय हवं ते नाही.

केंद्राची अट सरळ होती. यंत्र घरी न्या, जागा नीट करा, वीज घ्या. ठरल्या दिवशी केंद्राच्या मॅडम येऊन पहिला माल बघतील. माल चांगला निघाला तर यंत्र कायमचं तुमचं. नाहीतर त्याच टेम्पोतून पुढच्या माणसाकडे. यंत्रासाठी डोळे लावून बसलेले पुष्कळ होते.

आता इतकं कळल्यावर मुकादम गप्प बसतील काय? त्यांनी कारभार हाती घेतला.

पहिली मोहीम विजेची. वीज कार्यालयातल्या कारकुनानं विचारलं, "घरगुती की व्यावसायिक?"

"यंत्र घरातच आहे," मुकादम म्हणाले.

"मग घरगुती."

"पण त्यावर धंदा करायचाय."

"मग व्यावसायिक."

"पण घरातच करायचाय."

कारकुनानं पेन खाली ठेवलं, चष्मा पुसला आणि म्हणाला, "साहेब जागेवर नाहीत. उद्या या." हे वाक्य मुकादमांनी स्वतः इतक्या वर्षांत इतक्या लोकांना ऐकवलं होतं की ते समोरून आल्यावर त्यांना क्षणभर आपलं माणूस भेटल्यासारखं वाटलं. मग अपमान वाटला. अपमान वाटायला थोडा वेळ लागला याचा आणखी अपमान वाटला. पुढे ते इतक्यांदा तिथे गेले की शिपाई त्यांना चहा विचारू लागला, आणि एकदा तर नव्यानं आलेल्या एका माणसाला मुकादमांनीच सांगून टाकलं, "साहेब जागेवर नाहीत." शेवटी काकू एकदा सोबत गेल्या, केंद्रात शिकवलेलं होतं ते नीट सांगितलं, आणि जोडणी मिळाली. मुकादमांनी घरी येऊन सांगितलं की त्यांनी पाया तयार करून ठेवला होता.

दुसरी मोहीम दाराची. मागची खोली काकूंनी आधीच तयार केली होती. भिंती पांढऱ्या, खिडकीला बारीक जाळी, कोपऱ्यात नळ. फक्त यंत्र दारापेक्षा बोटभर रुंद निघालं. दार मोजायचं काम मुकादमांकडे होतं. त्यांनी ते मोजलंही होतं, पण यंत्र मोजायचं राहिलं.

मग काय, गल्ली लोटली. सगळ्यांत पुढे कंपाउंडर. हे एका दवाखान्यात बाटल्या भरून निवृत्त झालेले, पण रोग माणसाचा असो की दाराचा, निदान तयार. "तिरकं घ्या," ते म्हणाले. तिरकं घेतलं, अडकलं. "आता उलटं तिरकं घ्या." उलटं तिरकं घेतलं, जास्त अडकलं. समोरचे शिंपीकाका म्हणाले, "जरा दाबलं तर जाईल. कापडात बोटभर जागा असतेच." त्यांना कुणीतरी समजावलं की हे स्टील आहे. "असेल," ते म्हणाले, "पण असायला हवी." मुकादम मध्ये उभे राहून पुढे घ्या, मागे घ्या करत होते. हमालांनी त्यांच्याकडे बघणं सोडून दिलं होतं, पण ते लक्षात येण्याच्या मनःस्थितीत ते नव्हते.

अखेर सुतार आला. चौकट निघाली, चौकटीबरोबर गिलावा निघाला, गिलाव्याबरोबर आतला पाइप फुटला. पाण्याची चिळकांडी थेट कंपाउंडरांच्या सदऱ्यावर. "मुख्य कॉक बंद करा," लोक ओरडू लागले. आणि पाणीपुरवठा खात्यात हयात घालवलेला माणूस घरभर धावत सुटला, कारण स्वतःच्या घरातला कॉक कुठे आहे हे त्याला माहीत नव्हतं. काकूंनी जिन्याखाली हात घालून तो बंद केला आणि पोतेरं हातात घेतलं.

पण यंत्र आत आलं. पांढऱ्या खोलीत भिंतीशी उभं राहिलं, आणि सगळे एकदम हळू आवाजात बोलू लागले. उंच, चकचकीत, पुढे काचेचं दार, आत एकावर एक जाळीचे ट्रे, वर आकड्यांची हिरवी पट्टी. कंपाउंडर ओल्या सदऱ्यानिशी म्हणाले, "ऑपरेशन थिएटरसारखं वाटतंय हो." आक्कांनी पदरानं हात पुसले आणि मग एका बोटानं त्याला हळूच शिवून बघितलं. मुकादमांना तर भरून आलं. आपल्या घरात, आपल्या मागच्या खोलीत अशी वस्तू उभी राहील हे त्यांना स्वप्नातही वाटलं नव्हतं. दिवसातून कितीदा तरी ते काहीतरी कारण काढून तिथे जायचे आणि नुसते बघत राहायचे.

खरा घोटाळा इथे झाला. दुर्लक्षामुळे नाही, भक्तीमुळे झाला.

या घराची एक रीत होती. नवी वस्तू आली की तिच्यावरचं प्लास्टिक काढायचं नाही. सोफा घेतला तेव्हापासून प्लास्टिकमध्ये होता. पाहुणे बसले की चर्र आवाज यायचा आणि उठले की पँट चिकटून यायची. टीव्हीच्या रिमोटला पिशवी, फ्रिजच्या मुठीला फडकं, मिक्सरला झालरीचा झगा. वस्तू वापरून जुनी होते, झाकली की नवी राहते, असं या घरचं तत्त्वज्ञान. तेव्हा साऱ्या वस्तूंचा राजा घरात आल्यावर त्याला उघडा ठेवायचा?

काकू यंत्राच्या अंगावरचा पारदर्शक पापुद्रा सोलायला गेल्या. मुकादमांनी हात धरला. "अगं, राहू दे. चरे पडतील."

"मॅडमनी सांगितलंय काढायला. आणि चारी बाजूंनी हवा मोकळी लागते त्याला. ओली हवा वरून बाहेर पडायला हवी."

"खिडकी उघडी आहे की. किती हवा पाहिजे?"

"खोलीला नाही हो, यंत्राला."

"बघू," मुकादम म्हणाले. मुकादम बघू म्हणाले की विषय संपला असं त्या घरात समजत. काकू चुलीकडे वळल्या.

मुकादम गेले शिंपीकाकांकडे. शिंपीकाका टेप घेऊन आले, यंत्राची उंची घेतली, कंबर घेतली, आणि सवयीनं विचारलं, "ढगळ शिवू की अंगाबरोबर?" अंगाबरोबर ठरलं. आक्कांनी पडद्याचं उरलेलं फुलाफुलांचं जाड कापड काढून दिलं. झगा सुरेख झाला, हे मान्य केलं पाहिजे. खाली झालर, कडेला बटणं, काचेच्या दारावर वर गुंडाळायची झडप, आकड्यांच्या पट्टीपुरती एक खिडकी. बाजूची जाळी आणि माथ्यावरची धुराड्यासारखी नळी दोन्ही आत. नळीचं टोक वर येत होतं, तर शिंपीकाकांनी त्याला वेगळी टोपी शिवली आणि वर गोंडा लावला.

काकूंनी झगा बघितला. "चालू असताना हे काढायला लागेल," त्या म्हणाल्या.

"काढू की. पण मॅडमना एकदा दिसू दे, आपण किती काळजी घेतो ते. त्या आल्या की काढू."

आक्का म्हणाल्या, "कापड चांगलं आहे गं." शिंपीकाका म्हणाले, "शिलाई दुहेरी आहे." काकूंनी एकेकाकडे बघितलं आणि झग्याची झालर सरळ केली. इतक्या माणसांचा इतका चांगला हेतू एकदम नाकारायची त्यांना सवय नव्हती.

ठरल्या दिवशी सकाळीच काकूंनी टोमॅटो धुतले, चिरले, ट्रे लावले आणि बटण दाबलं. पंखा घुमू लागला. झगा फुगला, झालर हलली. गल्ली दाराशी जमली होती. "श्वास घेतंय बघा," कंपाउंडर कौतुकानं म्हणाले. मुकादम खिडकीजवळ जाऊन उभे राहिले.

थोड्या वेळानं आकडे वाढू लागले. वाढले, आणखी वाढले. खोलीत उकडलेल्या टोमॅटोचा वास, त्यात वितळणाऱ्या प्लास्टिकचा. मग यंत्र टींटीं करू लागलं.

"झालं वाटतं," आक्का म्हणाल्या.

"इतक्यात?" मुकादम भारावून म्हणाले. "विज्ञान कुठल्या कुठे गेलं."

काकू पुढे झाल्या. तेवढ्यात यंत्र आपोआप बंद पडलं, आणि नेमक्या त्याच वेळी मॅडम दारात आल्या. वयानं लहान, हातात पिशवी, केसांवर जाळीची टोपी. आल्या आल्या त्यांनी फुलाफुलांचा झगा बघितला. मग गोंडा बघितला. चेहऱ्यावरची रेषही हलली नाही, याबद्दल त्या बाईचं मानावं तेवढं थोडं.

काकूंनी काचेचं दार उघडलं. वाफेचा लोट आला. ट्रेमध्ये चकत्या नव्हत्या, लाल चिखल होता. खालच्या ट्रेवर टपटप गळत होता. झग्याच्या आत प्लास्टिकला फोड आले होते, आणि गोंडा तपकिरी पडला होता.

"यंत्रानं स्वतःला बंद केलं म्हणून बरं," मॅडम म्हणाल्या. "कापड पेटलं असतं." त्यांनी मागे वळून सगळ्यांकडे बघितलं. "इथे यंत्र कोण चालवतं?"

सवयच ती, सगळ्यांच्या माना मुकादमांकडे वळल्या. मुकादमांनी खाकरून घसा साफ केला. हवेच्या दाबाविषयी काही बोलावं असं त्यांच्या मनात होतं.

"मी चालवते," काकू म्हणाल्या.

"मग काकू, हे असं कसं झालं? तुम्ही तर वर्गात सगळ्यांना समजावून सांगायचात."

"मी सगळ्यांचं ऐकत बसले," काकू म्हणाल्या. "टोमॅटो आहेत अजून. पुन्हा लावू?"

मॅडमनी घड्याळ बघितलं. "संध्याकाळी टेम्पो येणार आहे. मी सांगून ठेवलाय. मी तोवर दुसरीकडे जाऊन येते. परत आल्यावर जे दिसेल त्यावर ठरवू." असं म्हणून त्या गेल्या.

खोलीत कुणी हलेना. मुकादमांनी बायकोच्या चेहऱ्याकडे बघितलं. तो डबा परत आला होता त्या दिवशीचा चेहरा होता तो.

काकूंनी पदर खोचला. झग्याची बटणं काढली, तो घडी घालून शिंपीकाकांच्या हातात दिला. मग पापुद्र्याला नख लावलं आणि एका दमात वरपासून खालपर्यंत सोलला. त्या आवाजानं आक्कांनी डोळे मिटून घेतले. उघडले तर समोर आरसा उभा. यंत्राच्या अंगात सगळी खोली दिसत होती, आणि खोलीत आपण सगळे, तोंडं उघडी टाकून उभे.

"सगळ्यांनी बाहेर थांबा," काकू म्हणाल्या.

आक्कांना त्या घरात बाहेर थांब म्हणायची कुणाची छाती नव्हती. आक्काच सगळ्यांत आधी बाहेर गेल्या.

मुकादम बोळात गेले आणि जाळीच्या खिडकीला नाक लावून उभे राहिले. आत काकू ट्रे घासत होत्या. मग सुरी घेतली. सुरी अशी चालली की चकती न् चकती सारख्या जाडीची, आणि प्रत्येक चकतीला शेजारणीपासून सुटं ठेवलेलं. बटणं दाबताना त्या थांबत नव्हत्या, विचार करत नव्हत्या. पंखा सुरू झाला. यंत्राचा आवाज सकाळच्यापेक्षा वेगळा होता, मोकळा होता. काकूंनी वरच्या नळीपाशी तळहात धरला, डोळे बारीक केले, एक आकडा थोडा खाली आणला. पुन्हा हात धरला. मग वरचे ट्रे खाली, खालचे वर. ओली, आंबटगोड हवा खिडकीतून मुकादमांच्या तोंडावर येऊ लागली, बोळातून रस्त्यावर गेली, आणि जाणारे येणारे पावलं सावकाश टाकू लागले.

कंपाउंडर मागून येऊन कुजबुजले, "वहिनींना सांगा, उष्णता जरा..."

"तुम्ही गप्प बसा," मुकादम म्हणाले.

कंपाउंडर थक्क झाले. मुकादमही झाले. पण खिडकीवरून नजर काढवेना. इतकी वर्षं हिच्या हातचं जेवलो, हिच्यासमोर बसून जगाला शहाणपण शिकवलं, आणि ही अशी आहे हे आपल्याला कुणी सांगितलंच नाही, असं त्यांना वाटलं. नंतर वाटलं, सांगायला कोण येणार होतं, डोळे आपल्याकडेच होते. यंत्रासमोर चपला काढल्या होत्या. आता त्या पायांतून कधी निघाल्या हे त्यांचं त्यांनाही कळलं नाही. अभिमान वाटला, आणि थोडी भीतीही वाटली.

ऊन कलल्यावर मॅडम आल्या. मागोमाग टेम्पो आला आणि घरघर करत दारात उभा राहिला. काकूंनी सगळ्यांना आत बोलावलं आणि ट्रे बाहेर ओढला.

चकत्या पातळ, लाल, कोरड्या. मधल्या बियांच्या खोल्यासुद्धा जशाच्या तशा उमटलेल्या. मॅडमनी एक चकती उचलून उजेडात धरली. उजेड तिच्यातून आला आणि त्यांच्या गालावर लाल डाग पडला. आक्का पुटपुटल्या, "अगं बाई, हा टोमॅटो आहे?" शिंपीकाकांनी काखेतला झगा हळूच पाठीमागे लपवला. मॅडमनी चकती वाकवली, मोडली, तोंडात टाकली आणि बराच वेळ चघळत राहिल्या. काकू त्यांच्या तोंडाकडे बघत होत्या.

"टेम्पो परत पाठवा," मॅडम म्हणाल्या.

काकू खाली बसल्या. तिथेच, जमिनीवर. पदर तोंडाला लावला आणि रडल्या, मग हसल्या. आक्का त्यांच्या पाठीवरून हात फिरवू लागल्या.

"मात्र एक आहे," मॅडम पुढे म्हणाल्या. "एवढं काम एकटीनं होणार नाही. मदतनीस लागेल. त्यानं केंद्रात येऊन रीतसर शिकायचं, आणि इथे काकू सांगतील तेवढंच करायचं. स्वतःचं काही नाही."

कंपाउंडरांना घरी गॅस चालू राहिल्यासारखं आठवलं. शिंपीकाकांची गिऱ्हाइकं खोळंबली होती. दोघं गेले. खोलीत मुकादम राहिले.

ते पुढे आले. हात कमरेवर जायला निघाले होते, ते त्यांनी खाली घेतले. बायकोसमोर उभे राहिले आणि चाचरत म्हणाले, "मी काय करू?"

काकूंनी वर बघितलं. हा प्रश्न त्यांना आजवर कुणी विचारला नव्हता. त्यांनी नवऱ्याकडे बघितलं, यंत्राकडे बघितलं, राहिलेल्या टोमॅटोंच्या पाटीकडे बघितलं.

"आधी हात धुवा," त्या म्हणाल्या.

मुकादम कोपऱ्यातल्या नळाशी गेले आणि हात धुऊन वळले.

"कोपरापर्यंत," काकू म्हणाल्या.

मुकादम पुन्हा नळाकडे वळले आणि बाह्या वर सारू लागले.